एलईडीने प्लँकचा स्थिरांक मोजायचा तर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पुंजभौतिकीची ओळख बहुतेकांना सूत्रांतून होते आणि तिथेच गाडी अडते. खरं तर या विषयातला सर्वांत मूलभूत आकडा, प्लँकचा स्थिरांक, पाच-सहा एलईडी, एक बॅटरी आणि एक मल्टिमीटर एवढ्या सामानावर टेबलावर बसून काढता येतो. उत्तर १५ टक्क्यांच्या आत आलं तरी चांगलं समजावं. ते त्याहून अचूक का येत नाही, हे कळणं मात्र उत्तराइतकंच मोलाचं आहे. म्हणून खाली कृतीइतकीच जागा चुकांना दिली आहे.

आधी थोडं, पण पक्कं

प्रकाश ही विद्युतचुंबकीय तरंग आहे. विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात डोलत पुढे सरकतात, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर या वेगाने. एका सेकंदात किती वेळा डोलतात ती वारंवारता आणि एका डोलण्यात जेवढं अंतर कापलं जातं ती तरंगलांबी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे प्रकाशाचा वेग. ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सेकंदाला ४७६ लाख कोटी वेळा डोलतो, म्हणजे ४७६ टेराहर्ट्झ.

तरंग म्हटलं की तिची ऊर्जा तिच्या उंचीवर ठरायला हवी. दिवा मोठा केला की ऊर्जा वाढली, मंद केला की कमी झाली, आणि मधे हवी तेवढी. विद्युतचुंबकीय तरंगांचं गणित मांडणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांतून हेच निघतं आणि रेडिओच्या अँटेनापाशी ते बिनचूक लागू पडतं. पण १८८७ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ या तरंगा प्रयोगात निर्माण करत असताना त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. धातूवर अतिनील प्रकाश पडला की ठिणगी सहज उडते, साध्या काचेने तो प्रकाश अडवला की उडत नाही. म्हणजे प्रकाश किती आहे यापेक्षा कुठल्या वारंवारतेचा आहे, यावर काहीतरी ठरत होतं. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये प्लँकने तापलेल्या वस्तूंच्या प्रारणाचं सूत्र मांडताना ऊर्जेचे ठरावीक तुकडे धरले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशच तुकड्यातुकड्यांनी दिला-घेतला जातो असं म्हटलं. या तुकड्याला आज आपण फोटॉन म्हणतो. त्याची ऊर्जा म्हणजे प्लँकचा स्थिरांक गुणिले वारंवारता, बाकी काही नाही.

प्रकाश वाढवला की फोटॉनची संख्या वाढते, एकेका फोटॉनची ऊर्जा वाढत नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

रोजच्या प्रकाशात हे तुकडे जाणवत नाहीत, कारण ते अतोनात आहेत. ५ मिलिवॉट लाल प्रकाशात दर सेकंदाला सुमारे १.६ × १०^१६ फोटॉन असतात, म्हणजे एकावर सोळा शून्यांच्या घरात.

ऊर्जा मोजायला इथे ज्यूल फार मोठा पडतो, म्हणून इलेक्ट्रॉन-व्होल्ट वापरतात. एक इलेक्ट्रॉन १ व्होल्टचा फरक ओलांडताना जेवढी ऊर्जा घेतो, ती १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १२४० ला तरंगलांबीने (नॅनोमीटरमध्ये) भागलं की फोटॉनची ऊर्जा थेट या एककात मिळते. ६३० साठी १.९७, ४७० साठी २.६४. हा १२४० पाठच करून ठेवावा, कायम लागतो.

सामान

- ५ मिलिमीटरचे एलईडी: अवरक्त ९४०, लाल ६३०, पिवळा ५९०, हिरवा ५२५, निळा ४७० नॅनोमीटर. हिरवे आणि निळे दोन-दोन घ्या.
- ९ व्होल्टची बॅटरी
- १ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे मूठ फिरवून कमी-जास्त करता येणारा रोधक (रेषीय प्रकारचा)
- ४७० ओहमचा रोधक
- डिजिटल मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, जोडतारा, काळी चिकटपट्टी
- ग्रेटिंगची फिल्म (बारीक समांतर रेषांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणारी), मिलिमीटरला ५०० रेषांची

एलईडी घेताना दोन गोष्टींवर हटून बसा. एक, टोपी पाण्यासारखी पारदर्शक हवी. रंगीत टोपी स्वतःच गाळणी असते आणि पहिल्या प्रयोगाचा विचका करते. दोन, पांढरा एलईडी घेऊ नका. तो मुळात निळाच असतो, वर पिवळी चमक देणारा लेप असतो. गुलाबी आणि काही ‘उबदार’ रंगांचंही तेच. एलईडीचे रंग चिपच्या, म्हणजे आतल्या अर्धवाहक तुकड्याच्या, पदार्थातून येतात तेव्हाच हा प्रयोग अर्थपूर्ण ठरतो.

पहिला प्रयोग: बॅटरीविना एलईडी

एलईडीला वीज दिली की प्रकाश मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर प्रकाश टाकला की वीज मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

१. हिरव्या एलईडीचे दोन पाय मल्टिमीटरला जोडा. लांब पाय लाल तारेला. मीटरचा पल्ला २ व्होल्ट डीसीवर ठेवा.

२. निळा एलईडी ४७० ओहमच्या रोधकातून बॅटरीला जोडा. करंट साधारण १३ मिलिअँपिअर होईल.

३. दोघांच्या टोप्या समोरासमोर टेकवा आणि भोवती काळी चिकटपट्टी गुंडाळा. खोलीतला उजेड आत जाता कामा नये.

४. आकडा नोंदवा. चांगला ठसठशीत व्होल्टेज दिसेल.

५. आता अदलाबदल करा: हिरवा पेटवा, मल्टिमीटर निळ्याला लावा. आकडा शून्याच्या आसपास कोसळतो.

मीटर तोच, अंतर तेच आणि डोळ्याला तर हिरवा प्रकाश निळ्याहून जास्तच भडक दिसतो, तरी काही नाही. निळ्या चिपमधला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जायला सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मागतो आणि हिरवा फोटॉन २.३६ घेऊन येतो. दोन हिरवे फोटॉन मिळून काम करत नाहीत. ज्याला त्याला एकट्यानेच पाहिजे तेवढं आणावं लागतं. दुसराही हिरवा एलईडी लावून पाहा, निळा ढिम्म राहील. उलट, निळ्याचा करंट रोधक वाढवून ०.१ मिलिअँपिअरवर आणा, इतका की तो जेमतेम दिसेल. हिरवा तरीही काहीतरी दाखवतोच.

निळ्यावर दोन-चार मिलिव्होल्ट उरले तर घाबरू नका. एलईडीचा रंग शुद्ध एकच नसतो, ५२५ चा हिरवा दोन्ही बाजूंना पसरलेला असतो आणि त्याच्या शेपटीतले थोडे फोटॉन निळ्याला पुरतात. शंभरेक मिलिव्होल्ट आले, तर मात्र बाहेरचा उजेड झिरपतोय. आधी एलईडी विझवून नुसत्या गुंडाळलेल्या स्थितीत आकडा पाहायची सवय लावा. मीटर हातात धरला असेल किंवा तारा लांबलचक असतील तर आकडा नाचतो. इथे करंट नॅनोअँपिअरमध्ये असतो आणि मीटरचा अंतर्गत रोध बहुधा १० मेगाओहम, त्यामुळे घरातल्या विजेची गुणगुणही आत शिरते. तारा आखूड ठेवा.

लाल एलईडी मीटरला लावून निळा पाजळला तर अपेक्षेपेक्षा कमी आकडा दिसू शकतो. त्यात सिद्धान्ताची चूक नाही. लाल चिपच्या वरच्या थरात निळा प्रकाश आधीच खर्ची पडतो. म्हणूनच वर हिरवा-निळा ही एकाच पदार्थकुळातली जोडी सुचवली आहे.

दुसरा प्रयोग: मोजमाप

आता उलटा प्रवास. चिपमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली पडतो आणि दोन पातळ्यांमधल्या अंतराएवढी ऊर्जा घेऊन फोटॉन बाहेर पडतो. या अंतराला बँड गॅप म्हणतात. इलेक्ट्रॉनला तिथवर ढकलायला लागणारं व्होल्टेज त्या फोटॉनच्या ऊर्जेशी बांधलेलं असणार. वेगवेगळ्या रंगांसाठी व्होल्टेज मोजलं, वारंवारतेसमोर मांडलं, की रेषेच्या चढातून प्लँकचा स्थिरांक निघतो.

जोडणी अशी. पोटेन्शिओमीटरचे कडेचे दोन पाय बॅटरीच्या दोन टोकांना. मधला पाय रोधकाला, रोधक एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. मूठ ऋण बाजूला पूर्ण फिरवून मगच बॅटरी लावा.

करंट मोजायला वेगळा अँमीटर नको. रोधकाच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज ४७० ने भागलं की करंट मिळतो. आपल्याला प्रत्येक एलईडीतून अगदी १ मिलिअँपिअर न्यायचा आहे, म्हणून रोधकावर ०.४७ व्होल्ट दिसेपर्यंत मूठ हळूच फिरवायची. मग मूठ न हलवता मीटरच्या सुया एलईडीच्या पायांवर टेकवायच्या आणि आकडा दोन दशांशांपर्यंत लिहायचा. प्रत्येक एलईडी तीनदा मोजा.

रोधक ५ टक्के इकडे-तिकडे असेल तर? फारसं बिघडत नाही. एलईडीत व्होल्टेज थोडं वाढलं की करंट भराभर वाढतो: करंट दसपट व्हायला साधारण ६० ते १२० मिलिव्होल्ट पुरतात. त्याचा उलटा अर्थ असा, की करंटमधली ५ टक्क्यांची चूक व्होल्टेजमध्ये दोन-तीन मिलिव्होल्टच उमटवते.

‘एलईडी पेटतो ते व्होल्टेज’ नावाची काही ठाम रेघ नसते, हेही याच वाढीमुळे. पुष्कळ ठिकाणी ‘पहिल्यांदा उजेड दिसला की आकडा लिहा’ असं सांगतात. अंधाऱ्या खोलीत आणि उजेडात त्याचं उत्तर वेगळं येतं, डोळा हिरव्याला जास्त आणि गडद निळ्या-लालला कमी संवेदनशील असतो, आणि अवरक्ताचा तर प्रश्नच मिटला. ठरलेल्या करंटवर सगळ्यांना तोलणं हे त्याहून कितीतरी प्रामाणिक. २० मिलिअँपिअरवरही मोजू नका, जरी एलईडीच्या माहितीपत्रकात व्होल्टेज त्याच करंटला दिलेलं असतं. तिथे चिपच्या आणि जोडांच्या रोधावरच बरंच व्होल्टेज खर्च होतं, निळ्या-हिरव्यात विशेष, आणि तो खर्च फोटॉनच्या खात्यात जमा होत नाही. उलट टोकाला १ मायक्रोअँपिअरवर मोजायला गेलात तर १० मेगाओहमचा मीटर स्वतःच पाव मायक्रोअँपिअर पिऊन टाकतो. १ मिलिअँपिअर हा मधला बरा रस्ता.

तरंगलांबी

माहितीपत्रकात दोन आकडे असतात आणि नवशिके हमखास चुकीचा उचलतात. एक आकडा डोळ्याला जाणवणाऱ्या रंगाचा, दुसरा जिथे प्रकाश सर्वांत जोरकस आहे त्या शिखराचा. आपल्याला शिखराचा हवा. लाल एलईडीत या दोघांत १० नॅनोमीटरच्या आसपास फरक सहज पडतो.

स्वतः मोजायची असेल तर: आडव्या पट्टीच्या मध्यावर एलईडी ठेवा, बरोबर १०० सेंटिमीटरवर ग्रेटिंग डोळ्याशी धरा आणि आरपार पाहा. एलईडीच्या दोन्ही बाजूंना रंगीत प्रतिमा दिसतील. डावी आणि उजवी प्रतिमा पट्टीवर कुठे पडते ते दुसऱ्या माणसाकडून खुणवून घ्या. दोघींमधलं अंतर निम्मं करा, म्हणजे ग्रेटिंग थोडं तिरकं असलं तरी चूक जवळजवळ विरून जाते. हे निम्मं अंतर ३३.२ सेंटिमीटर आलं असेल, तर त्याला प्रतिमेपर्यंतच्या तिरप्या अंतराने भागायचं. ते पायथागोरसने १०५.४ येतं. भागाकार ०.३१५, त्याला रेषांमधल्या २००० नॅनोमीटर अंतराने गुणलं की ६३०. एक सेंटिमीटर चुकलात तर उत्तर १७ नॅनोमीटरने हलतं, तेव्हा घाई नको. प्रतिमा ठिपक्यासारखी न दिसता पसरट दिसते. तिचा सर्वांत उजळ भाग धरा.

अवरक्त असा दिसणार नाही. त्याचा आकडा माहितीपत्रकातूनच घ्या. तो पेटलाय की नाही हे फोनच्या कॅमेऱ्यातून कळतं. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा.

आलेख

उदाहरणादाखल असे आकडे आले असं धरू:

- ९४० नॅनोमीटर, ३१९ टेराहर्ट्झ: १.०५ व्होल्ट
- ६३०, ४७६: १.७५
- ५९०, ५०८: १.८३
- ५२५, ५७१: २.२५
- ४७०, ६३८: २.५५

पहिला मोह होतो तो एकच एलईडी घेऊन भागाकार करायचा. अवरक्ताचा केला तर प्लँकचा स्थिरांक ५.३ × १०^−३४ येतो (म्हणजे १० चा उणे ३४ वा घात), निळ्याचा केला तर ६.४ × १०^−३४. खरा आहे ६.६२६. सगळे कमीच भरतात, कारण प्रत्येक व्होल्टेज फोटॉनच्या ऊर्जेहून थोडं खाली आहे.

म्हणून आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्यावर व्होल्टेज आणि पाच बिंदूंतून जाणारी सरळ रेषा. ती शून्यातून जावी असा हट्ट धरू नका! सगळ्या एलईडींमध्ये जी तूट सारखी आहे ती रेषेला नुसती खाली सरकवते, चढ बदलत नाही. वरच्या आकड्यांवर चढ दर टेराहर्ट्झला ४.७३ मिलिव्होल्ट येतो. त्याला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने, म्हणजे १.६०२ × १०^−१९ कूलोमने गुणा (टेरा आणि मिलि मोकळे करायला विसरू नका, ४.७३ × १०^−१५) की ७.६ × १०^−३४ ज्यूल-सेकंद. अपेक्षित चढ ४.१४. चूक १४ टक्के, जास्तीच्या बाजूला.

ही चूक कुठून आली ते आकड्यांतच लपलेलं आहे. १२४० ला तरंगलांबीने भागा आणि त्यातून मोजलेलं व्होल्टेज वजा करा. अवरक्त, लाल, पिवळ्यात तूट ०.२२ ते ०.२७, हिरव्या-निळ्यात फक्त ०.०९ ते ०.११. ही दोन वेगळी घराणी आहेत: अवरक्त, लाल आणि पिवळे गॅलिअमच्या आर्सेनाइड-फॉस्फाइड कुळातले, हिरवे आणि निळे नायट्राइड कुळातले. तूट सारखी नसल्याने रेषेचं वरचं टोक उचललं जातं आणि चढ फुगतो. नुसते लाल आणि निळा असे दोनच बिंदू घेतले असते तर चूक जवळजवळ १९ टक्क्यांवर गेली असती. अवरक्त एलईडी दुसऱ्या टोकाला पकडून ठेवतो, म्हणून तो वगळू नका, दिसत नसला तरी.

१९१६ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने धातूच्या पृष्ठभागांवर प्रकाश टाकून जो आलेख काढला त्याचाही गाभा हाच होता. रेषा कुठे कापते ते धातूवर अवलंबून, चढ मात्र सर्वांना एकच. आइन्स्टाइनच्या कल्पनेवर त्याचा विश्वास नव्हता आणि त्याने काढलेला स्थिरांक आजच्या किमतीच्या एका टक्क्याच्या आत होता. २० मे २०१९ पासून तर हा आकडा मोजायचा राहिलाच नाही. ६.६२६०७०१५ × १०^−३४ अशी त्याची किंमत ठरवून टाकली आहे आणि किलोग्रॅमची व्याख्या तिच्यावर बसवली आहे. आपण मोजतोय ती खरं म्हणजे आपल्या जोडणीची गुणवत्ता.

बिघडतं ते कुठे

एलईडी पेटतच नाही: बहुधा पाय उलटे. टोपीची कड जिकडे सपाट, तो ऋण पाय. उलटा लावून ९ व्होल्ट देत बसू नका, बऱ्याच एलईडींची उलटी सहनशक्ती ५ व्होल्टच असते.

मूठ फिरवताना व्होल्टेज एकदम उडी मारतं: मधला पाय आणि कडेचा पाय यांची गफलत झालीय, किंवा ऑडिओसाठीचा, रेषीय नसलेला पोटेन्शिओमीटर आहे.

आकडा हळूहळू वर सरकतोय: आधी जास्त करंट दिल्याने तापलेली चिप निवते आहे. अर्धा मिनिट थांबा.

रोधक वगळून एलईडी थेट बॅटरीला लावला, तर तो जळतो. याला उपाय नाही. ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा एलईडी आलेखात भर म्हणून चांगला, पण त्याच्या टोपीत रोखून पाहू नका. तो दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जोरकस असतो.

ती तूट नेमकी कशाची?

२.५५ व्होल्टने ढकललेला इलेक्ट्रॉन २.६४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन देतो, मग उरलेली ऊर्जा आली कुठून? चिपच्या उष्णतेतून. अणूंच्या थरथरीमुळे काही इलेक्ट्रॉन सरासरीहून वर उचललेले असतात आणि कमी व्होल्टेजवर तेच आधी उडी घेतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एका तापवलेल्या अवरक्त एलईडीतून दिलेल्या विजेपेक्षा जास्त प्रकाश मिळवला गेला, तो याच वाटेने. अर्थात तो प्रकाश पिकोवॉटमध्ये होता.

तपासून पाहायचं असेल तर लाल एलईडीला लांब तारा जोडून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, पाणी आत जाऊ देऊ नका. फ्रीझरमध्ये ठेवा, मीटर आणि मूठ बाहेर. करंट पुन्हा १ मिलिअँपिअरवर आणून व्होल्टेज वाचा. दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्ट या हिशेबाने, ३० अंशांवरून उणे १५ वर जाताना ते सुमारे ९० मिलिव्होल्टने चढलेलं दिसेल. थोडी वाढ बँड गॅप रुंदावल्यामुळेही असते. फ्रीझरमधून काढलेल्या एलईडीवर दव धरतं, तेव्हा पुसून पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पुढचं वाचन घेऊ नका.